जाग आणि भान

एखादा माणूस शुद्धीवर आहे की नाही हे आपण कसे ठरवतो? हाक मारतो. त्याने 'ओ' दिली, मान वळवली, निदान पापणी हलवली, तर आहे म्हणतो. म्हणजे आपण तपासतो ते त्याचे मन नसतेच, त्याचे स्नायू असतात. जीभ, मान, पापणी, बोटे, सगळे स्नायूच. आतून 'ओ' दिली गेली आणि स्नायूंनी ती बाहेर पोचवलीच नाही, तर खाटेशेजारी उभ्या असलेल्या माणसाला काय कळणार? मेंदू आणि जाणीव यांच्या नात्यावर गेली तीन वर्षे मी मिळेल ते वाचतो आहे. तत्त्वज्ञानाची हौस म्हणून नव्हे. हा प्रश्न आमच्या घरात एका खाटेवर पडून आहे.

माझ्या मोठ्या बहिणीचे, आपाचे, यजमान मिरजेत तंबोरे आणि सतारी बनवायचे. आम्ही त्यांना दुल्हाभाई म्हणतो. भोपळा निवडण्यापासून खुंट्या बसवण्यापर्यंत सगळे काम त्यांना येई, पण त्यांचा हात होता जवारीवर. घोडीच्या पृष्ठभागावर कानस फिरवून तारेला तो गुंजणारा आवाज आणायचा, हे काम ऐकता ऐकता करायचे असते. तीन वर्षांपूर्वी सांगलीहून परतताना त्यांची मोटारसायकल घसरली. डोक्याला मार लागला, ऑपरेशन झाले, व्हेंटिलेटर लागला. पंधरा-सोळा दिवस डोळे बंद होते. मग एका सकाळी डोळे उघडले. आपाने शुकरान्याची नमाज पढली आणि आम्ही अख्ख्या वॉर्डात पेढे वाटले.

डोळे उघडले, पण ते आमच्याकडे पाहत नव्हते.

त्या दिवसांत मला तीन वेगळ्या गोष्टी शिकाव्या लागल्या. आपल्याकडे त्या तिन्हींना मिळून 'कोमा' म्हणतात, म्हणून जरा थांबून सांगतो. कोमात डोळे बंद असतात, जाग नसते आणि भानही नसते. ही अवस्था सहसा काही आठवड्यांपलीकडे टिकत नाही. ब्रेन डेड ही गोष्ट सर्वस्वी निराळी. तिथे मेंदूचा बुंधाच, म्हणजे ब्रेन स्टेम, कायमचा बंद पडलेला असतो, श्वास यंत्राचा असतो आणि परतीची वाट नसते. भारतात 1994 च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याने याला मृत्यू मानले आहे. चार डॉक्टरांच्या मंडळाने किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासून तसे लिहून द्यावे लागते. इस्लामी देशांच्या फिकह अकादमीनेही 1986 साली अम्मानच्या बैठकीत मेंदूचा असा अंत मृत्यू म्हणून स्वीकारला, तरी उलेमांमध्ये त्यावर मतभेद आहेतच.

आणि तिसरी अवस्था दुल्हाभाईंची. श्वास स्वतःचा, हृदय स्वतःचे, झोप आणि जाग यांचे चक्र चालू, डोळे उघडतात, मिटतात, जांभई येते, कधी दात खातात. पण हाकेला उत्तर नाही. 1972 साली ब्रायन जेनेट आणि फ्रेड प्लम या दोन डॉक्टरांनी हिला 'व्हेजिटेटिव्ह स्टेट' असे नाव दिले. नाव देताना त्यांचा हेतू वाईट नव्हता. शरीराच्या वाढीची, पोषणाची कामे चालू आहेत एवढेच त्यांना म्हणायचे होते. पण इंग्रजीतल्या त्या शब्दात भाजीपाला दडलेला आहे आणि नातेवाइकांना आधी तोच ऐकू येतो.

म्हणजे जाग वेगळी आणि भान वेगळे. मेंदूविज्ञानाने मला शिकवलेली ही पहिली गोष्ट. जाग राखणारे केंद्र मेंदूच्या बुंध्यात असते. 1949 साली मोरुत्झी आणि मॅगून यांनी मांजरांच्या मेंदूच्या बुंध्यातल्या जाळीसारख्या भागाला सौम्य वीज दिली, तेव्हा गुंगीतल्या मेंदूचा विद्युत आलेख जाग्या मेंदूसारखा झाला. हा दिव्याचा खटका म्हणायचा. पण खोलीत दिवा लागला म्हणजे खोलीत कोणी बसले आहे असे होत नाही. भानासाठी वरचा मेंदू, त्याच्या मधोमध असलेला थॅलॅमस आणि या दोघांमधली ये-जा शाबूत लागते.

त्यातही किती पेशी शाबूत आहेत यावर हिशेब बसत नाही, हे वाचून मी चक्रावलो होतो. माणसाच्या मेंदूत साधारण 86 अब्ज चेतापेशी असतात. त्यातल्या सुमारे 69 अब्ज मागच्या बाजूच्या लहान मेंदूत, म्हणजे सेरेबेलममध्ये, दाटीवाटीने बसलेल्या असतात. म्हणजे दहातल्या आठ. तरीही जन्मतः हा लहान मेंदूच नसलेली माणसे सापडली आहेत. त्यांचा तोल जातो, बोलणे अडखळते, पण ती हसतात, रुसतात, आपल्याला काय वाटते ते सांगतात. भान त्या 69 अब्जांत नव्हतेच. उलट, बुंध्यातली सुपारीएवढी जागा दुखावली तर सगळा माणूस विझतो. तेव्हा 'मेंदू म्हणजेच मन' असे नुसते म्हणून भागत नाही. कुठला मेंदू, त्याची कसली जोडणी, हे सांगावे लागते. आणि तेवढे सांगितल्यावरही त्या जोडणीतून 'मला वाटते आहे' ही गोष्ट कशी उगवते, हे सांगायचे उरतेच.

या उरलेल्या भागाला डेव्हिड चामर्स या तत्त्वज्ञाने 1995 साली 'अवघड प्रश्न' असे नाव दिले. 1998 साली जर्मनीतल्या ब्रेमेनमध्ये मेंदूशास्त्रज्ञ क्रिस्टोफ कॉख यांनी त्यांच्याशी पैज लावली, की पंचवीस वर्षांत जाणिवेची मेंदूतली नेमकी खूण सापडेल. 2023 च्या जूनमध्ये न्यूयॉर्कच्या परिषदेत कॉख यांनी भर सभेत हार मानली. पैज दारूच्या बाटल्यांची होती, तो तपशील आपण सोडून देऊ. मला त्यांची हार मानण्याची रीत आवडली. आमच्या एका नातेवाइकाने ही बातमी वाचून 'बघा, सायन्स हरले' असा मेसेज सगळ्या ग्रुपांवर टाकला. सायन्स हरले नव्हते. एका माणसाने लावलेली मुदत चुकली होती. आणि सायन्सला उत्तर सापडले नाही म्हणून आपले उत्तर आपोआप खरे ठरते, हा आळशी माणसाचा तर्क आहे.

आपले उत्तर म्हणजे रूह. लहानपणापासून ऐकत आलो की शरीर पिंजरा आहे आणि रूह पाखरू. पण शोधायला बसलो तर आपल्याच परंपरेत हे चित्र इतके सरळ नाही. कुरआनात रूहविषयी विचारणाऱ्यांना फारसा तपशील दिलेला नाही. नफ्स आणि रूह एकच की दोन, यावर मोठमोठ्या विद्वानांत मतभेद झाले. इब्न अल्-कय्यिम यांनी तर 'किताब अर्-रूह' हा सगळा ग्रंथच या विषयावर लिहिला.

त्यांच्याही तीनशे वर्षे आधी इब्न सीना यांनी एक कल्पना मांडली होती. हे इब्न सीना हकीम होते, मेंदूचा कुठला भाग कुठले काम करतो याचा विचार करणारे. ते म्हणतात, असा माणूस कल्पा की जो एकदम पूर्ण वाढ झालेला असा जन्मला आहे, हवेत तरंगतो आहे, डोळे झाकलेले आहेत, हातपाय एकमेकांना लागत नाहीत, हवेचाही स्पर्श जाणवत नाही. त्याला आपले शरीर आहे हे ठाऊक नाही. तरी 'मी आहे' हे त्याला ठाऊक असेल का? असेल, असे इब्न सीना यांचे उत्तर. आणि म्हणून 'मी' शरीराहून वेगळा.

हजार वर्षांपूर्वीच्या माणसाला हे सुचावे याचे मला आजही अप्रूप वाटते. पण निष्कर्ष मला पटत नाही. पहाटेचा शुक्र ओळखणाऱ्या शेतकऱ्याला संध्याकाळी दिसतो तोही तोच तारा आहे, हे माहीत नसू शकते. त्यामुळे तारे दोन होत नाहीत. मला माझ्या मेंदूची खबर नसतानाही माझी खबर असते, एवढ्यावरून मी मेंदूवाचून राहू शकतो असे ठरत नाही.

आणि धर्मश्रद्धेला त्याची गरजही नाही, असे मला वाटते. इमाम गझाली यांनी तत्त्वज्ञांवर जो हल्ला चढवला त्यातला एक मोठा मुद्दा हाच होता, की हे लोक कयामतीच्या दिवशी शरीराचे पुन्हा उठणे नाकारतात आणि नुसत्या आत्म्यावर सगळे सोपवतात. आपल्याकडे मेलेला माणूस उठायचा तो शरीरानिशी. मग या दुनियेत जाणीव मेंदूला पूर्ण बांधलेली आहे, असे कुणी दाखवून दिले तर माझ्या ईमानाला त्यात घाबरण्यासारखे काय आहे? भूल दिली की माणूस जातो आणि भूल उतरली की परत येतो, हे तर आपण रोज पाहतो. ज्यांना मेंदूविज्ञान म्हणजे धर्मावरचा हल्ला वाटतो, त्यांनी गझाली वाचलेले नसतात, आणि मेंदूविज्ञानही.

कारखान्यातले दुल्हाभाईंचे एक जुने सोबती दर जुम्याला नमाजेनंतर घरी येतात. एकदा ते खाटेशी बसून म्हणाले, "तंबोऱ्याची जवारी गेली म्हणून सूर मेला असं होतं का? सूर असतो, वाद्य बोलत नाही इतकंच." आपाला ते फार आवडले. मला मात्र तेव्हा प्लेटोच्या 'फिडो' या संवादातला सिमियास आठवला. तिथे सॉक्रेटिसचे मरण जवळ आलेले आहे आणि सिमियास नेमका हाच दाखला उलटा वापरतो. आत्मा हा वाद्याच्या लागलेल्या सुरासारखा असेल, तर वाद्य मोडल्यावर तो उरेलच कसा? एकच तंबोरा दोन्ही बाजूंनी वाजतो. मी अर्थातच हे त्या गृहस्थांना सांगितले नाही. त्यांना चहा दिला.

तरी त्यांच्या बोलण्यात एक गोष्ट होती जी तत्त्वज्ञानाच्या भांडणाबाहेर, अगदी व्यवहारात खरी निघाली. वाद्य बोलत नाही यावरून आत सूर नाही असे ठरत नाही.

2006 साली केंब्रिजच्या एड्रियन ओवेन यांच्या गटाने तेवीस वर्षांच्या एका तरुणीविषयी छोटासा शोधनिबंध प्रसिद्ध केला. रस्त्यावरच्या अपघातानंतर पाच महिने ती कसलाही प्रतिसाद देत नव्हती. तिला स्कॅनरमध्ये ठेवून सांगितले, तू टेनिस खेळते आहेस अशी कल्पना कर. मग सांगितले, आपल्या घरातल्या खोल्यांतून फिरते आहेस अशी कल्पना कर. पहिल्या वेळी हालचालींची आखणी करणारा भाग उजळला, दुसऱ्या वेळी जागा ओळखणारा. निरोगी माणसांच्या मेंदूत दिसते तसेच. 2010 साली याच पद्धतीने 54 रुग्ण तपासले, त्यातल्या पाच जणांना हे जमले. एकाला तर 'हो' म्हणायचे तर टेनिस आणि 'नाही' म्हणायचे तर घर, असे ठरवून दिल्यावर घरच्या सहा प्रश्नांपैकी पाचांची बरोबर उत्तरे देता आली. त्यात वडिलांचे नाव होते.

मी हे पहिल्यांदा वाचले तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. उठून आत जाऊन दुल्हाभाईंकडे पाहून आलो.

इथे मेंदू आणि मन यांचे जे नाते दिसते ते मला कुठल्याही वादापेक्षा नीट समजते. यंत्राला दिसला तो रक्ताचा प्रवाह. 'हो' यंत्राला दिसला नाही, तो माणसांनी वाचला. त्या रुग्णाच्या जिभेने साथ सोडली होती, म्हणून तो आपल्या रक्ताने बोलला. मेंदू नसता तर बोलताच आले नसते, हे एका अंगाने खरे. आणि सांगायचे असे कुणी आत नसते, तर ते उजळणे म्हणजे नुसते उजळणे राहिले असते, हेही खरे.

2024 साली अनेक देशांतल्या रुग्णालयांचा मिळून एक मोठा अभ्यास आला. आज्ञा दिल्यावर बाहेरून काहीच न करणारे 241 रुग्ण होते. त्यांतल्या 60 जणांच्या मेंदूने आज्ञा पाळली. चारात एक. त्यातला दुसरा आकडा लोक सहसा सांगत नाहीत. जे 112 रुग्ण बाहेरूनही आज्ञा पाळत होते, म्हणजे ज्यांना भान आहे याविषयी शंकाच नव्हती, त्यांतल्या फक्त 43 जणांच्या मेंदूत ही खूण सापडली. म्हणजे यंत्रानेही अर्ध्याहून जास्त माणसे हुकवली. 'हो' आला तर आला. नाही आला तर काहीच कळले नाही असे समजायचे.

मुंबईच्या केईएममधल्या अरुणा शानबाग आपल्याला आठवतात. 27 नोव्हेंबर 1973 ला त्यांच्यावर हल्ला झाला, गळा आवळला गेला, मेंदूचा प्राणवायू तुटला. त्यानंतर 18 मे 2015 पर्यंत, साडेएक्केचाळीस वर्षे, त्या त्याच रुग्णालयात होत्या. पिंकी विराणी यांनी दयामरणासाठी अर्ज केला तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने तीन डॉक्टर पाठवले. रुग्णालयाचे म्हणणे, आवडीचे जेवण असले की त्यांच्या चेहऱ्यावर हसू येते, मासे त्यांना आवडतात. 2011 च्या मार्चमध्ये न्यायालयाने अर्ज नाकारला, त्या ब्रेन डेड नाहीत हे स्पष्ट केले, आणि त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार त्यांची शुश्रूषा करणाऱ्या केईएमच्या लोकांना दिला. याच निकालाने काही अटींवर उपचार थांबवण्याची वाटही उघडली, हा भाग वेगळा. मला त्यात विचार करायला लावते ते माशांचे हसू. ते हसू होते की स्नायूंची हालचाल? विराणींची बाजू मला खोटी वाटत नाही, आणि परिचारिकांची तर मुळीच नाही. इतकी वर्षे एका बाईला एकही बेडसोअर होऊ न देणाऱ्या लोकांचे डोळे हेही एक उपकरणच आहे.

आमच्या पहिल्या डॉक्टरांनी सहाव्या महिन्यात सांगितले होते, "आता आत कोणी नाही. तुम्ही तुमचं बघा." त्यांनी खाटेशीच उभे राहून सांगितले. असले स्कॅनर प्रत्येक गावात नसतात आणि असले तरी अशा तपासणीसाठी ते कोण देणार? पण वाचता वाचता एक स्वस्त गोष्ट सापडली. अशा रुग्णांना तपासायची एक ठरलेली यादी आहे. त्यात नजर एखाद्या वस्तूमागे फिरते का हे पाहतात, आणि त्यासाठी सगळ्यात चांगली वस्तू म्हणजे आरसा. पेनामागे, बोटामागे न फिरणारी नजर कधी कधी स्वतःच्या चेहऱ्यामागे फिरते. एकदाच पाहून चालत नाही, निदान पाच वेळा पाहावे लागते. बेल्जियमच्या डॉक्टरांनी 2009 साली दाखवले होते की डॉक्टरांनी एकमताने 'व्हेजिटेटिव्ह' ठरवलेल्या 44 रुग्णांपैकी 18 जणांना या यादीने तपासल्यावर थोडे का होईना भान सापडले.

गावात नव्याने आलेल्या एका तरुण डॉक्टरबाईंना ही यादी ठाऊक होती. त्या दोन आठवड्यांत पाच वेळा घरी आल्या. पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी काही नाही. तिसऱ्या दिवशी, अंघोळ घालून झाल्यावर, आपाच्या हातातला आरसा डावीकडे सरकला आणि दुल्हाभाईंची नजर त्याच्यासोबत सरकली. परत उजवीकडे आणला, नजर आली. चौथ्या दिवशी नाही. पाचव्या दिवशी पुन्हा. डॉक्टरबाई सावधपणे म्हणाल्या, याला अल्प भान म्हणता येईल. येते आणि जाते. यातून ते बोलायला लागतील असा अर्थ काढू नका.

मला वाटले होते आपा आनंदाने रडेल. ती भिंतीला टेकून खाली बसली आणि तिचा चेहरा पांढरा पडला. "म्हणजे हे सगळं ऐकत होते?"

सगळं म्हणजे काय, ते आम्हा सगळ्यांना माहीत होते. त्या खोलीत दोन वर्षे काय काय बोलले गेले होते. कफनासाठी बाजूला ठेवलेले पैसे पोरीच्या फीसाठी वापरावेत का. कारखान्यातला त्यांचा हिस्सा कुणाला द्यावा. आपा अजून चाळिशीची आहे, काझींना विचारून निकाह फस्ख करून घ्यावा आणि दुसरे बघावे, असा सल्ला तिच्या चुलत सासऱ्यांनी खाटेपासून चार हातांवर, चहा पीत दिला होता. आपाने त्यांना नाही म्हटले होते, पण ते बाहेर अंगणात जाऊन. आत ती गप्प बसली होती. 'नाही' त्यांना ऐकू गेले नसेल, या एका गोष्टीने ती त्या रात्री झोपली नाही.

ती सकाळी उठली, दरवाजा लावून घेतला आणि बराच वेळ त्यांच्याशी बोलली. काय बोलली ते मी विचारलेले नाही.

आता त्या खोलीत येणारा माणूस आधी सलाम करतो, मग आपण कोण ते सांगतो. त्यांच्याविषयी त्यांच्यासमोर 'हे', 'यांचं' असे बोलायचे नाही, 'तुम्ही' म्हणून बोलायचे. कुणाला व्यवहाराचे बोलायचे असेल तर त्यांना सांगून बोलायचे. चुलत सासरे त्यानंतर दोनदा आले, दोन्ही वेळा दारातूनच विचारपूस करून गेले. डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितले आहे की नजरेला हो-नाही समजून त्यावर निर्णय घेऊ नका, ती तेवढी भरवशाची नाही. तरी गेल्या महिन्यात कारखान्याचा हिस्सा विकायचे ठरले तेव्हा त्यांचे धाकटे भाऊ खाटेशी बसले आणि घेणारा कोण, रक्कम किती, त्यातली पोरीच्या नावावर किती ठेवणार, हे सगळे त्यांना सांगितले. दुल्हाभाईंचे डोळे छताकडे होते. भावाने थोडे थांबून तेच पुन्हा एकदा, जरा सावकाश सांगितले. कानशी मात्र विकायच्या नाहीत, असे आपाने मधेच म्हटले. त्या तिने कारखान्यातून आणून, पुसून, फडक्यात गुंडाळून त्यांच्या उशाच्या कपाटात ठेवल्या आहेत, आणि तेही त्यांना सांगितले आहे.